किल्ली अध्यक्षांकडे राहील

गेल्या गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी एका माणसाला बुडताना वाचवले.

मित्रांनो, वरचे वाक्य तुम्ही वाचलेले नाही. तसे काही घडलेलेच नाही. घाटाच्या नोंदवहीत त्या दिवशीच्या पानावर त्याचा उल्लेख नाही, आणि जे नोंदवहीत नाही ते पाण्यातही घडत नाही, अशी आमच्याकडे पद्धत आहे. तेव्हा ते वाक्य बाजूला ठेवू आणि रीतसर सुरुवात करू.

मी दहा लिटरचा, निळ्या प्लॅस्टिकचा, वीस वर्षे वापरलेला कॅन आहे. माझा जन्म चाकणच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे मऊ झालेले प्लॅस्टिक साच्यात धरून त्यात गरम हवा फुंकत. एका फुंकरीत मला पोट, मान आणि कान, म्हणजे तुम्ही ज्याला मूठ म्हणता ते, सगळे मिळाले. आयुष्यात पुढे मी जे काही नाव कमावले ते आतल्या हवेच्या जोरावर. पुष्कळ मोठ्या माणसांचेही तसेच असते असे मी ऐकतो.

सुरुवातीला माझ्यात मशीनवर ओतायचे तेल भरले आणि मला महाळुंग्याच्या एका कारखान्यात पाठवले. तिथे मी चार महिने एका लेथमशीनशेजारी उभा राहिलो. तेल संपले तशी माझी किंमतही संपली आणि मी भंगाराच्या ढिगावर गेलो. त्या कारखान्यात भिमाबाई झाडलोटीचे काम करायच्या. एके दिवशी त्यांनी ढिगातून मला उचलले, झाकण घट्ट बसते का ते पाहिले, आपल्या कानाशी धरून हलवले आणि साहेबांकडे मागून घेतले. गेटवर वॉचमन कोंडीराम होता. तो म्हणाला, "जय भीम मावशी. ह्यात काय भरणार?" भिमाबाई म्हणाल्या, "काय न्हाई. रिकामाच पायजे." कोंडीरामने गेटपासवर लिहिले: 'रिकामा कॅन, झाकणासह, नग एक.' माझ्या जन्माचा दुसरा कोणताही दाखला नाही. तेवढा एक आहे, आणि त्यावर शिक्का आहे.

रिकामाच का पाहिजे, हे मला घाटावर गेल्यावर कळले.

तळवड्याच्या पुढे इंद्रायणीला एक छोटा घाट आहे. खालच्या बंधाऱ्यामुळे पाणी तिथे निवांत दिसते, पण पायऱ्या संपल्या की तळ एकदम खाली जातो. मी यायच्या महिनाभर आधी तिथे ज्योतीराम गेला होता. ज्योतीराम हा भिमाबाईंचा मुलगा. कंपनीत प्रेसवर काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी नदी आरपार पोहायचा. एका रविवारी त्याचा मित्र पाय घसरून खोल पाण्यात पडला. ज्योतीरामने कपड्यांसकट उडी टाकली. घाबरलेल्या मित्राने त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि ती सोडलीच नाही. एकाला पोहता येत होते, एकाला येत नव्हते. दोघेही गेले. काठावर चाळीस माणसे उभी होती आणि फेकायला कुणाकडेच काही नव्हते. एकाने चप्पल फेकली. त्याला दुसरे काही सापडले नाही.

ज्योतीरामची मुलगी दीक्षा तेव्हा चार वर्षांची होती.

भिमाबाईंना पोहता येत नाही. अजूनही येत नाही. मित्रांनो, आपल्या घाटावर जलसुरक्षेची सुरुवात पोहता न येणाऱ्या बाईने केली, हे मी मुद्दाम सांगतो. कारण समितीच्या माहितीपत्रकात ती तीन वर्षांपूर्वी झाली असे छापले आहे. भिमाबाईंनी माझ्या कानाला ताडपत्री बांधायची पंचवीस हात नायलॉनची दोरी बांधली आणि मला घाटावरच्या करंजाला टांगले. खाली खडूने लिहून घेतले: 'कोणी बुडाले तर हा टाका. उडी टाकू नका.'

पहिल्या फेकीला मी वाऱ्यावर उडून परत त्यांच्याच पायाशी आलो. रिकाम्या कॅनला उत्साह असतो, दिशा नसते. मग त्यांनी माझ्यात दोन तांबे पाणी भरले. आता मी सरळ जाऊ लागलो आणि तरी तरंगत राहिलो. रोज धुणे झाले की त्या जलपर्णीच्या एखाद्या गड्ड्यावर नेम धरून मला दहा वेळा फेकत. शेजारणी हसत. शालनबाई म्हणाल्या, "भिमे, नदीला काय कॅनानं मारतीस व्हय?" भिमाबाई दोरी गुंडाळत राहिल्या.

त्या झाडावर माझी एकोणीस वर्षे गेली. ऊन, पाऊस, कावळे. रंग उडाला. या काळात मी सात जणांना काठाला आणले. त्यातला एक नवरदेव होता. लग्नाआधीचे फोटो काढायला आला होता आणि फोटोग्राफरने सांगितले म्हणून मागे मागे सरकत गेला. त्याला ओढून काढेपर्यंत फोटोग्राफरने काम थांबवले नाही. पुढे ते फोटो अल्बममध्ये लागले, मी तीन फोटोंत आहे. आणखी एक गृहस्थ वाचल्यावर माझ्यावरच रागावले, कारण मी त्यांच्या कपाळाला लागलो होतो. पण बहुतेक जण नुसते बसून राहत, मला पोटाशी धरून. हात सुटायला वेळ लागे. भिमाबाई घाई करत नसत. त्या सात वेळांपैकी एकदाही दुसरे कोणी पाण्यात उतरले नाही. त्या मोजत काय असतील तर तेवढेच मोजत.

दीक्षा मोठी झाली. महाळुंग्यातच एका कंपनीत क्वालिटीला लागली. पोहायला शिकली, आजीला न सांगता. मग जीवरक्षकाचे प्रशिक्षण घेतले, तेही न सांगता. प्रमाणपत्र आले तेव्हा मात्र ते आजीच्या हातात दिले. भिमाबाईंनी ते उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "ह्यात लिवलंय का, आधी दोरी टाकायची म्हून?" दीक्षाने तिसरी ओळ दाखवली. लिहिले होते. मग त्यांनी ते भिंतीला लावू दिले.

दीक्षाने आपल्या शिफ्टमधले पाच आणि जवळच्या सोसायटीतले चार असे नऊ जण जमवले. रविवारी आणि विसर्जनाच्या दिवसांत ते नारिंगी टी-शर्ट घालून घाटावर उभे राहत. कुणाला कसला मोबदला नव्हता. शिट्टीच्या खुणा ठरल्या. पाणी चढले की कळावे म्हणून पायऱ्यांवर लाल पट्टा आला. शाळेतल्या मुलांना आणून शिकवले की काठी द्या, दोरी द्या, ओढणी द्या, पण स्वतःला देऊ नका. मी झाडावरून हे बघत असे आणि मला बरे वाटे.

याच सुमारास गुरुदत्त आले. गुरुदत्त हे सोसायटीत राहणारे, एका मोठ्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. मनाने फार चांगले. मित्रांनो, ही गोष्ट मी सांगतो तशी ऐका. ते वाईट होते असे समजून ऐकाल तर तुम्हाला काही उपयोग नाही. लाल पट्टा त्यांचीच कल्पना. शेवटच्या पायरीवर 'येथे शेवाळ आहे, उभे राहू नये' हे पिवळ्या रंगात त्यांनी स्वतः गुडघ्यावर बसून लिहिले. सगळ्यांनी त्यांना जलसुरक्षा समितीचे अध्यक्ष केले. ते योग्यच होते.

पण कारखान्यात एक शिस्त असते. प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक जागेला नाव, प्रत्येक नावाला जबाबदार माणूस. त्यातच एकदा कोणीतरी माझी दोरी म्हैस बांधायला नेली. संध्याकाळी म्हशीसकट परत आणून दिली, तरी अध्यक्षांना झोप लागेना. पुढच्या महिन्यात घाटावर स्टीलचे कपाट आले. पुढे काच, काचेला चौकट, चौकटीला कुलूप. आत माझ्या आकाराची निळी बाह्यरेषा रंगवलेली, म्हणजे मी जागेवर नसलो तर कळावे. नियमावलीत चौथा नियम होता: 'किल्ली अध्यक्षांकडे राहील.' दुसरी किल्लीही होती. पहिली हरवली तर ती हमखास सापडावी म्हणून कपाटात ठेवली होती. माझ्याच कानाला बांधून.

दीक्षाने विचारले, "सर, कुलूप कशाला?"

"चोरीला गेला तर वाचवणार कशाने?" गुरुदत्त म्हणाले. हा प्रश्न बिनतोड होता.

भिमाबाई धुणे पिळत होत्या. त्या म्हणाल्या, "आन कुणी बुडाया लागला तर?"

"मला फोन करायचा, मावशी. दहा मिनिटांत पोहोचतो."

"बरं. त्याला सांगते मग, धा मिंटं दम धर."

सगळे हसले. गुरुदत्तही हसले. मग कुलूप लावले.

आत ठेवण्याआधी त्यांनी माझ्यातले पाणी ओतून टाकले. साठलेल्या पाण्यात डासांची पैदास होते. तो सातवा नियम होता. कपाटाशेजारी एक फलकही आला: 'अपघातमुक्त दिवस'. खाली आकड्यांच्या पाट्या अडकवायची सोय. रोज सकाळी फर्स्ट शिफ्टला जाताना गुरुदत्त येत, एक पाटी बदलत आणि दोन पावले मागे जाऊन बघत. शंभर झाले तेव्हा पेढे वाटले. दोनशे झाले तेव्हा वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. हळूहळू घाटावर येणारी माणसे नदीआधी फलक पाहू लागली. आकडा मोठा असेल तर पाणी उथळ असणार, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसे. मी काचेआड कोरडा बसून होतो. वर्षभरात मला कोणी फेकले नाही. माझी धूळ मात्र दर सोमवारी पुसली जाई आणि पुसल्याची सही होई.

आता त्या न घडलेल्या गुरुवारबद्दल.

फलकावर ३९९ लागले होते. दुसऱ्या दिवशी चारशे, म्हणून घाटावर समारंभ होता. भागातले पुढारी नानासाहेब प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते. त्यांना पाठवायला गुरुदत्तांना एक फोटो हवा होता: फलक, कपाट आणि पायऱ्या, सगळे एका चौकटीत. ते मागे सरकले. चौकटीत कपाट येईना. आणखी मागे सरकले. भिमाबाई वरच्या दगडावर धुणे धूत होत्या. रात्रपाळी करून आलेली दीक्षा त्यांना न्यायला आली होती आणि पायरीवर जांभया देत बसली होती. गुरुदत्त शेवटच्या पायरीवर पोहोचले. तिथे पिवळ्या रंगात काय लिहिले आहे हे त्यांना माहीत होते, पण त्या क्षणी ते त्यावरच उभे होते, त्यामुळे दिसत नव्हते.

फोटो निघाला. त्यात सगळे आले आहे, शिवाय थोडे आकाशही.

त्यांच्या पायांत कंपनीचे सेफ्टी शूज होते, पुढे लोखंडी टोपी असलेले. पायावर वजन पडले तर बोटे वाचवतात. पाण्यात ते दुसऱ्या दिशेने काम करतात. घसरलेले गुरुदत्त हातपाय मारत काठापासून पंधरा हात गेले, एकदा खाली गेले, वर आले, हात झाडले, पुन्हा खाली गेले.

दीक्षा कपाटाकडे धावली. कुलूप हलवले. "किल्ली," ती म्हणाली, आणि तिने पाण्याकडे पाहिले. किल्ली गुरुदत्तांच्या पँटच्या खिशात होती. नियमाप्रमाणेच होती. दुसरी माझ्या कानाला लटकत होती, काचेच्या आत, तिच्या नाकासमोर.

तिने चपला काढल्या. नऊ तास उभे राहून आलेली ती मुलगी पायरीवर उतरली. गुरुदत्त तिच्या दुप्पट वजनाचे होते आणि हाताला लागेल ते धरायला निघाले होते. मी वीस वर्षांपूर्वी त्या घाटावर नव्हतो, पण तो प्रसंग मला इतक्या वेळा सांगितला गेला आहे की मला काचेआडून तोच दिसला.

भिमाबाईंनी तिचे मनगट धरले.

"आजी, सोड. मला येतंय पोहायला."

"तुझ्या बापालाबी येत व्हतं."

दीक्षा थांबली. फार नाही, एक श्वास. तेवढ्यात भिमाबाईंनी मनगट सोडून घाटाच्या सुशोभीकरणातून उरलेला पेव्हर ब्लॉक उचलला होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी काचेवर घातला. मला सांगायला हरकत नाही, त्या आवाजाइतके गोड मी काही ऐकलेले नाही.

पहिली फेक दीक्षाची. मी वाऱ्यावर गेलो, गिरकी घेतली आणि परत आलो. डासांच्या नियमामुळे माझ्या पोटात पाणीच नव्हते. भिमाबाई म्हणाल्या, "आण इकडं." त्या पायरीवर बसल्या, झाकण फिरवले, मला नदीत बुडवले. बुडबुडे येऊ लागले. एक तांब्या. दोन तांबे. दीक्षा गुरुदत्तांना ओरडून सांगत होती, "सर, पाठीवर या, पाठीवर," आणि हे शिकवणारे तेच असल्यामुळे त्यांना ते मुळीच सुचत नव्हते. भिमाबाईंनी झाकण पूर्ण आवळले. अर्धवट नाही, पूर्ण. मग उभ्या राहून त्यांनी मला तसेच फेकले जसे त्या एकोणीस वर्षे जलपर्णीवर फेकत होत्या.

मी गुरुदत्तांच्या खांद्यापलीकडे पडलो आणि दोरी त्यांच्या हातावर आली. त्यांनी मला मिठी मारली. माझा गळा आवळला गेला, पण मला गळ्याचे काही नाही, मी त्यासाठीच रिकामा आहे. आजी आणि नात दोरी ओढत होत्या. गुरुदत्तांच्या खिशातली किल्ली आणि माझ्या कानाची किल्ली पहिल्यांदाच इतक्या जवळ आल्या.

पायरीवर आल्यावर गुरुदत्त बराच वेळ खोकले. मग त्यांनी फलक पाहिला, मग फुटलेली काच. सवयीने त्यांच्या तोंडून निघाले, "काच कोणी फोडली?"

"म्या," भिमाबाई म्हणाल्या. "रजिष्टर आना, सही करते."

मला सोडायला गुरुदत्तांनाही वेळ लागला. भिमाबाईंनी त्यांच्या अंगावर धुतलेली ओली चादर टाकली, कारण कोरडी एकही नव्हती.

संध्याकाळी समितीची बैठक झाली. प्रश्न एकच होता: आकडा शून्य करायचा का? कारखान्यात थोडक्यात टळलेला अपघात लपवणे हा सगळ्यात मोठा गुन्हा, हे गुरुदत्त स्वतः दर महिन्याला कामगारांना शिकवतात. ते तसे म्हणालेही, हळू आवाजात. पण बॅनर छापून झाला होता. नानासाहेबांनी वेळ दिली होती. कोणीतरी म्हणाले, अध्यक्ष बुडाले असे लिहिले तर समितीच बुडाल्यासारखे दिसेल. दुसरे कोणी म्हणाले, अध्यक्षांनी समितीचा टी-शर्ट घातला होता, म्हणजे ते कामावरच होते. अखेर नोंद झाली: 'अध्यक्षांनी सकाळी ७.१० वाजता जलपातळीची प्रत्यक्ष पाहणी केली. पातळी पुरेशी आढळली. कपाटाची काच तांत्रिक कारणाने बदलावी.'

दीक्षाने सही केली नाही. गुरुदत्तांनी केली, वर न पाहता.

शुक्रवारी समारंभ झाला. मला आंघोळ घातली, पाणी काढून टाकले, हार घातला. कपाटाला नवी काच बसली. ती पेव्हर ब्लॉकलाही फुटत नाही, असे दुकानदाराने सांगितले आहे. नानासाहेबांनी माझ्यावर हात ठेवून भाषण केले. म्हणाले, चारशे दिवसांत या कॅनला एकदाही पाण्यात उतरावे लागले नाही, हेच त्याचे यश. टाळ्या झाल्या. गुरुदत्त व्यासपीठावर नवे बूट घालून बसले होते. जुने वाळले नव्हते.

भिमाबाई समारंभाला नव्हत्या. त्या शनिवारी सकाळी आल्या. सोबत गोडेतेलाचा एक पिवळा कॅन होता, दोरी बांधलेला. तो त्यांनी करंजाला टांगला आणि धुणे धुवायला बसल्या.

थोड्या वेळाने गुरुदत्त आले. ४०१ लावले. मागे जाऊन पाहिले नाही. मग त्यांचे लक्ष झाडाकडे गेले. नवव्या नियमाप्रमाणे घाटावर विनापरवाना वस्तू टांगता येत नाही. ते झाडाखाली गेले. भिमाबाईंनी चोळायचे थांबवले. गुरुदत्तांनी पिवळा कॅन खाली घेतला, झाकण उघडून आत पाहिले. पाणी कमी होते. ते वरच्या पायरीवर बसले, लांब हात करून त्यात नीट दोन तांब्यांइतके पाणी घेतले, झाकण आवळले, परत टांगले आणि दोरीची गाठ हाताने सहज सुटेल अशी बांधली. मग भिमाबाईंकडे न बघता म्हणाले, "मावशी, सात जण ना? आधीचे?"

"आठ," भिमाबाई म्हणाल्या.

"हो," गुरुदत्त म्हणाले, आणि शिफ्टला गेले.

माझे कुलूप मात्र तसेच आहे. ते काढायला ठराव लागतो, ठरावाला बैठक लागते आणि बैठकीला कारण लागते. कारण घडलेले नाही. म्हणून मित्रांनो, मी खालील अर्ज केला आहे.

प्रति,
मा. अध्यक्ष, जलसुरक्षा समिती.

विषय: कपाटातून झाडावर बदली मिळणेबाबत.

महोदय,

मी, रिकामा कॅन, झाकणासह, नग एक, विनंती करतो की माझी बदली करंजाच्या पूर्वीच्या फांदीवर करण्यात यावी. माझ्या पोटात दोन तांबे पाणी ठेवण्यास विशेष बाब म्हणून मंजुरी मिळावी. डासांना झाकण उघडता येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. तसेच फलकावर आज असलेला ४०५ हा आकडा काढून तिथे मागील गुरुवारपासून मोजून ६ लावावा. सहा हा आकडा लहान दिसतो. पण त्याच्या मागच्या शून्याच्या दिवशी एक माणूस ओल्या बुटांनी का होईना, आपल्या घरी गेला, आणि एक मुलगी पाण्यात उतरली नाही. चारशेमध्ये हे कुठेही दिसत नाही.

सोबत गेटपासची प्रत जोडली आहे. अर्ज कपाटाच्या आत ठेवला आहे. किल्ली आपणाकडे आहे.

आपला विश्वासू,
निळा कॅन